डाव्या बाजूचा घुमार

“हा घालून बघा आजोबा, बेस नुसता छातीत घुमतो,” म्हणत दुकानातल्या मुलीने गुरवबुवांच्या कानांवर जाडजूड हेडफोन चढवला. मोबाइलवर दिवसभर चालणाऱ्या पखवाजाला कंटाळून सुनेनेच त्यांना इथे आणलं होतं.

बुवांनी पारख करायला रेवाचं रेकॉर्डिंग लावलं. दहा वर्षं हाताखाली शिकलेल्या रेवाने पहिल्या जाहीर कार्यक्रमानंतर ते मोठ्या हौसेने पाठवलं होतं. तेव्हा मोबाइल कानाला लावून ऐकलं आणि बुवांनी तिला सुनावलं, “डाव्या बाजूला घुमारच नाही. तिथल्या कातड्यावर कणीक थापायला विसरलीस की हात मेलाय? पखवाज आहे तो, पत्र्याचा डबा नव्हे.” त्याला चार महिने झाले. रेवा पुन्हा शिकायला आली नव्हती.

आता तीच डावी बाजू कानात घुमत होती. भरदार, गोल, त्यांनी शिकवली होती तशीच.

“हे यंत्र पदरचा बेस घालतंय,” बुवा म्हणाले. “साधा दाखव.”

साध्यातही ती घुमली. तिसऱ्यातही. बुवांनी हेडफोन उतरवून नुसता मोबाइल कानाला लावला. पत्र्याचा डबा वाजू लागला.

“मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला बेस झेपत नाही, आजोबा,” मुलगी म्हणाली.

बुवांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

“बाबा, मग यातला कुठला घ्यायचा?” सुनेने विचारलं.

“घे गं कुठलाही. आधी रेवाला फोन लाव.” त्यांनी मोबाइल तिच्या हातात दिला. “आणि सुरुवातीला तूच बोल.”