एका ताटातले दोघे

"पोटात दुखतं?" आरोग्य केंद्रातल्या सुषमानं देवजीला विचारलं.

"नाय."

"जळजळ?"

"नाय. खिळा गिळला तरी पचेल मला."

पलीकडे बोंबील टांगणारी शेजारीण पुतळी वळलीच नाही. "पोट नाय ते, बोटीचं इंजिन हाय. त्याला दुसऱ्याचं दुखणं कुठनं कळणार?"

देवजीनं पुढचे दोन बोंबील उचलले. जबड्यात जबडा अडकवून त्यानं बोंबलांची जोडी दोरीवर टाकली.

सुषमानं फॉर्मवर खूण केली. पोटातल्या जंतूंच्या पाहणीसाठी सात महिन्यांपूर्वी तिनंच वरोर गावातून देवजीचं आणि त्याच्या बायकोचं रक्त नेलं होतं. आज रिपोर्टची दोन पाकिटं होती.

"रखमीकाकी कुठेत?"

"गेली. शिमग्याच्या आधी. पोटात जखम होती. रगत ओकली."

सुषमानं रखमीचं पाकीट पिशवीत सरकवलं.

"दाखव ते."

"काका, आता कशाला..."

"तिचा रोग येगळा होता ना? येवढंच सांग."

हो म्हणता आलं असतं. सुषमानं पाकीट फोडलं.

"जंतू एकच आहे. दोघांच्या पोटात. तुमचं अंग त्याला खपवून घेतं. काकींचं अंग झगडत राहिलं. त्या झगड्यानंच आत जखम झाली."

"एकच?"

"हो."

"एका ताटात जेवायचो आमी. ती पोट धरून बसायची. मी बोलायचो, मला नाय दुखत, तुलाच बरं दुखतं? नाटकं तुझी." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "औषध हाय याच्यावर?"

"गोळ्या. चौदा दिवस."

"चौदाच?"

सुषमानं मान डोलावली.

पुतळीचे हात थांबले होते.

"मागच्या वेळचा कागद काढ," देवजी म्हणाला. "तिचा."

रखमी. वय एक्केचाळीस.
दुखतं ☐
दुखत नाही ☑

"तवा ती दुखतं बोलली होती. मीच मधे पडलो, नाय लिव बोललो. तुझ्यासमोर."

सुषमाला आठवलं. रखमीनं मान खाली घातली होती, आणि आपणच 'दुखत नाही'समोर खूण केली होती.

"बदल ते."

"आता बदलून काय होणार, काका?"

त्यानं खारट, खवल्यांनी भरलेलं बोट वरच्या रिकाम्या चौकोनावर ठेवलं.

"तिला दुखतंय," देवजी म्हणाला. "लिव."