चिमटी

प्रतिमाला इंग्लिश स्पीकिंगच्या क्लासात सरांनी एनएलपीची, म्हणजे मनाला वळण लावायची, एक युक्ती शिकवली होती. डोळे मिटून, आयुष्यात सगळ्यात निर्धास्त होतो ते दिवस आठवायचे आणि बोटांची चिमटी दाबायची. मग बोलताना नुसती चिमटी दाबली की तीच हिंमत परत येते.

आज मुलीच्या प्रिन्सिपॉलसमोर प्रतिमाने चिमटी दाबली, जराशी हसली आणि फाडफाड इंग्रजी बोलली. शेजारी बसलेला तिचा नवरा रमाकांत त्या हसण्यानेच जळला. बडोद्याच्या सयाजीगंजातल्या त्या क्लासचा सर तरुण होता, वर देखणा.

स्कूटर काढताना त्याने विचारलंच, "चिमटी दाबलीस की कोण दिसतं? तो सर?"

"कोणीच नाही," ती म्हणाली. "तुम्ही एकटेच बदलीवर जामनगरला होतात ना, ते वर्ष आठवतं."