दोना दाल्वाच्या घरची फेरी

"उदासीची गोळी लागू पडली बघ, पोरी!" दोना दाल्वाने दारातच इवोनेतेचा हात धरला. "पंधरा दिवसांपूर्वी उशीतून डोकं वर काढत नव्हती. आता बघ!"

दोना दाल्वाची लेक राइसा रस्त्याकडच्या भिंतीला शिडी लावून पिवळा रंग फासत होती. तोंडाची टकळी चालूच. तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, आणि आता म्हणे ती महापौर होणार होती.

आरोग्यसेविकेने स्वतःच्या गल्लीतली घरं सांभाळायची, असा नियम. म्हणून इवोनेतेला दर महिन्याला ही पायरी चढावी लागे. तिच्या भावाचं, जोसिमारचंही असंच झालं होतं. तो चार रात्री नाचत होता, तेव्हा याच बाईने दारात खुर्च्या मांडून शेजारणींना तमाशा बघायला बोलावलं होतं. पाचव्या दिवशी तो नदीत सापडला.

इवोनेतेने कागदावर लिहिलं, 'प्रकृतीत सुधारणा.' भोग आता, असं मनात आलं आणि बरं वाटलं. दोना दाल्वाची सही तेवढी बाकी होती.

पण गप्प राहिलं तर लेकीलाही तेच झालंय, हे या बाईला कळणार कसं? ते तिला आपल्याच तोंडून ऐकवायचं होतं. इवोनेतेने ओळ खोडली.

"ही सुधारणा नाही, दोना दाल्वा. जोसिमारचाच आजार आहे हा. उदासही तोच करतो, असं चढवतोही तोच. नुसती उदासीची गोळी दिली की आणखीच चढतो. याआधी कधी अशी उधळली होती?"

"गेल्या कार्निवलात... पण तेव्हा सगळेच नाचतात गं!"

"मग गोळी घेताना दवाखान्यात सांगितलं का नाही?"

"आनंद काय डॉक्टरला सांगायचा असतो?" दोना दाल्वाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

इवोनेतेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं आणि दोना दाल्वाकडे वळली. "आजची गोळी द्यायची नाही. त्या निघाल्यात, दहा मिनिटांत येतील."

"गल्लीत कळू देऊ नकोस, पोरी. तुला देवाची शपथ!"

बाहेर हशा पिकला. शिडीवरून राइसाचं भाषण सुरू झालं होतं. समोरच्या खिडक्या एकेक करून उघडत होत्या, कोणी टाळ्या पिटत होतं, कोणी शिट्ट्या मारत होतं. दोना दाल्वा तोंड लपवायला आत वळली, तशी इवोनेतेने तिला दंडाला धरून उंबऱ्यावर उभं केलं.

"चेहरे नीट बघून ठेवा, दोना दाल्वा. जोसिमारच्या वेळी मीही तुमचा बघून ठेवला होता. पुढे कामी येतात."