मनातलं बोलायचा वार

"ताई, आज हो किंवा नाही सांगून टाका," रामप्रसाद म्हणाला. "पुढच्या आठवड्यात मी दुसरीकडं बोलणी लावणार. मंग मला बोल लावू नका."

रामप्रसाद जालन्याच्या एका मसाला कंपनीचा माणूस. पिंपळगाव रेणुकाईत ताईंच्या पापड कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो तिसऱ्यांदा आला होता. कंपनीला ज्वारीच्या पापडांचं नाव हवं होतं, कृती हवी होती, शेडही हवी होती. बाया नको होत्या. पापड घालायला यंत्र येणार होतं.

"चहा घ्या," सत्यशीलाताई म्हणाल्या. "मी बायांशी बोलून येते."

"मालकीण तुम्ही ना? मालक कधी मजुराला विचारून चालतो का?"

"आमच्याकडं चालतो."

ताईंचा शनिवारचा उपास होता, दिवस मावळेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. एकसष्टीला आलेल्या देहाला तो जड जायचा, पण उपास सोडावा असं त्यांच्या कधी मनात आलं नाही. कारखाना सोडावा असं मात्र यायचं. रोज पहाटे रेणुकामातेपुढे दिवा लावताना ओठांतल्या ओठांत निघून जायचं, 'आई, आता मोकळं कर गं.' आणि लगेच अपराधी वाटायचं.

नऊ वर्षांपूर्वी शाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना गावातच काम मिळावं, एवढंच मनात होतं. नियम दोनच ठेवले. कुणाला कामावरून काढायचं नाही, आणि दर शनिवारी सगळ्यांनी एका सतरंजीवर बसून मनातलं बोलायचं. कुणी रागवायचं नाही.

नाशिकहून लेक अंजू रोज फोन करायची. "आई, अजून किती दिवस? ये ना इकडं."

"आठ घरं आहेत गं माझ्या हातावर," ताई म्हणायच्या, आणि फोन ठेवून थोडा वेळ तशाच बसून राहायच्या.

बाया सतरंजीवर बसल्याच होत्या. कडूबाई भिंतीला टेकून, पाय लांब करून. डॉक्टरनं तिला मांडी घालायला मनाई केली होती, तरी ती एक दिवस चुकवत नसे. घरी किती नड असेल, असं ताईंना दर वेळी वाटायचं. पुष्पाबाईनं शिलाई मशीन घेतलं होतं. बिचारी रात्रंदिवस राबते, ताई म्हणायच्या. बारावी झालेली प्रीती जेवणाच्या सुट्टीत अंगणवाडीच्या परीक्षेचं पुस्तक वाचायची. इथलं काम कधी बंद पडेल याची पोरीला धास्ती, दुसरं काय.

"बोला," ताई खाली बसत म्हणाल्या.

"कडूबाई पीठ ढवळताना गाणं म्हणते," पुष्पाबाई म्हणाली. "तिला आवरा. पापडाला तडे जाऊन राह्यले."

"तुह्या सासूच्या बोलण्यानं न्हाई गेले अजून, मह्या गाण्यानं जातेत व्हय?" कडूबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या.

"बाहेर गाडी कुणाची उभी आहे, ते कळलं असेल तुम्हाला," ताई म्हणाल्या.

"कळलं," द्वारकाबाई म्हणाली. बोलायला तीच पुढं असायची. "कारखाना इकत घ्यायचा म्हंते तो."

"घेतला तर यंत्र आणील. मग तुम्हाला काम राहणार नाही. काय वाटतं तुम्हाला?"

प्रीतीनं कडूबाईकडं पाहिलं, कडूबाईनं द्वारकाबाईकडं. द्वारकाबाईनं तोंड उघडलं आणि पदरानं नाकावरचा घाम पुसून पुन्हा मिटलं.

"तुम्हाला काय वाटतं ताई?" तिनं शेवटी विचारलं.

मी थकले गं, हे शब्द अगदी जिभेवर आले. समोर आठ चेहरे होते. चुलीच्या धगीनं काळवंडलेले, उन्हात कापडावर वाकून वाकून सुकलेले. ताईंनी ते शब्द गिळले.

"माझं राहू द्या. तुम्ही सांगा. हा कारखाना चालावा का?"

कडूबाई सावकाश म्हणाली, "तुम्ही हाव तवर आम्ही हाव."

बाकीच्यांनी माना हलवल्या. पुष्पाबाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं ताईंना दिसलं. किती घाबरल्या असतील बिचाऱ्या, असं त्यांना वाटलं.

"मग ऐका. माझ्या अंगात जीव आहे तोवर हे बंद पडणार नाही," त्या म्हणाल्या.

सतरंजीवर कुणी हाललं नाही. आनंदानंही माणूस गप्प होतं, असं मनाशी म्हणत ताई उठल्या. उठताना भिंतीला धरावं लागलं.

रामप्रसादनं ऐकून घेतलं, पुन्हा विचारलं नाही. "बायांसाठी करून राह्यले तुम्ही हे," तो गाडीत बसताना म्हणाला. "पुण्याचं काम हाय. पण तब्येतीला बराबर नाही."

गाडी भोकरदनच्या रस्त्याला लागली. नाशिक आता राहिलंच. अंजूला संध्याकाळी काय सांगायचं, हे मनात जुळवत ताई पाण्याचा तांब्या भरायला शेडच्या मागं निघाल्या. कोपऱ्यापलीकडं नळावर कडूबाई आणि द्वारकाबाई पातेलं घासत होत्या.

"तू बोलणार व्हतीस ना?" द्वारकाबाईचा आवाज आला.

"ओठापस्तोर आल्तं. ताईचं तोंड पाह्यलं अन् बोलवलंच न्हाई. तू काऊन न्हाई बोलली मंग?"

"मह्यानंबी न्हाई बोलवलं."

ताई थांबल्या. मनातलं बोलायचं राहून गेलं असेल, तर ते आज ऐकायलाच हवं होतं.

"पुढच्या शनिवारी बोलू," कडूबाई म्हणाली.

"दोन साल झाले, दर शनिवारी हेच म्हंतो आपून."

पातेल्यावर राख घासल्याचा आवाज थांबला. कडूबाईनं उसासा टाकला.

"जाऊ दे बाई. आपलं समद्यांचं घरी बरं चाललंय, पर आपून काम सोडून गेलो तर तिनं एकटीनं दिवस कसा काढायचा?"