गाईचं माप

"कोनाला पायजे औषीद?" काळीनं विचारलं.

"गाईला," देवराम म्हणाला.

जव्हारच्या कचेरीतला कारकून तो. संस्थानचे हुकूम त्याच्या वळणदार अक्षरात निघत, पण आज त्याला साधं खरं बोलवेना. गावातल्या वैद्याकडे गेला असता, तर संध्याकाळपर्यंत आळीभर बोभाटा झाला असता. म्हणून पायपीट करत तो पोशेऱ्याला, या झाडपाल्याच्या जाणकार बाईकडे आला होता.

"काय होतंय गाईला?"

"अंगावरून जातंय. थांबत नाही."

"किती दीस?"

"एकोणीस."

"चारा खाते?"

"पेज घेते थोडी." देवरामनं जीभ चावली.

काळी हसली नाही. "कुठं हाय ती?"

"गोठ्यात," तो पटकन म्हणाला.

काळीनं पाटीतून वाळलेली साल काढली. कुठल्या झाडाची, हे ती कुणालाच सांगत नसे. साल उखळात कुटून तिनं दोन मुठी भुकटी पळसाच्या पानात बांधली. पुडी पुढं केली, पण हातातून सोडली नाही.

"दादा, हे गाईचं माप. बाईला चिमटीभर लागतं. एवढं बाईच्या पोटात गेलं, तर ती उठायची नाय. आता सांग."

पुडी घ्यावी आणि वाटेत थोडी सांडून टाकावी, असंही शहाण्या देवरामच्या मनात येऊन गेलं. पण चिमूट म्हणजे नेमकी किती? दिवसातून कितीदा? कशाबरोबर? लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मरणार तो नव्हता.

"कमू," तो म्हणाला. "माझी बायको."

परक्यासमोर तिचं नाव त्यानं आजवर घेतलं नव्हतं.

काळीनं पुडी उलगडली आणि त्यातली चिमूटभर भुकटी दुसऱ्या पानात घेतली. "पेज म्हनलास तवाच कळलं मला. धड खोटंबी बोलता येत नाय तुला. म्हनं गाय! म्हनं गोठा!"

अंगावरून जात असेपर्यंत बाईनं उंबरा ओलांडून घरात यायचं नाही, हा देवरामच्या घरचा नेम. पाचव्या दिवशी कमू दाराशी आली, तेव्हा त्यानंच तिला मागं फिरवलं होतं.

"गोठा खरा आहे," तो म्हणाला.