नाव कुणी बदलायचं

वडूजच्या बादशहा प्रिंटिंग प्रेसमध्ये नवा कॉम्प्युटर आला आणि मेहरुनबीच्या दोन्ही लेकांचं बिनसलं. नेटवर्कवर झिशानला मुबारकचा कॉम्प्युटर दिसेना, मुबारकला झिशानचा. लग्नपत्रिका एकानं मांडायच्या आणि दुसऱ्यानं छापायच्या. ऐन लगीनसराईत सगळंच अडलं. यानंच मुद्दाम मला बंद केलंय, असं दोघांच्याही डोक्यात बसलं आणि गोष्ट वेगळं दुकान टाकण्यापर्यंत गेली. नवऱ्याच्या माघारी ही प्रेस एकटीनं तगवणारी मेहरुनबी हबकली. तिनं नेटवर्क दुरुस्त करणाऱ्या मयूरीला बोलावून घेतलं.

मयूरीनं दोन्ही कॉम्प्युटर उघडून बघितले आणि हसत बाहेर आली.

"चाची, कुणी कुणाला बंद केलं न्हाई. दोघांनी आपापल्या कॉम्प्युटरला एकच नाव दिलंय. म्हणून एकच दिसतोय, अन् ज्याला त्याला वाटतंय, ह्यो आपलाच."

"मग एकाचं बदल की. असं काय नाव दिलंय?"

"तुमचं. मेहरुनबी."

दुकानाच्या पाटीवर नवऱ्याचं नाव होतं, बिलावरही त्याचंच. तिचं नाव कुठंच नव्हतं.

आत दोघांची पुन्हा जुंपली होती.

"तू बदल नाव."

"मी न्हाई बदलणार. तू बदल."

एरवी भांडण सोडवायला धावणारी मेहरुनबी आज गल्ल्यामागची खुर्ची ओढून निवांत ऐकत बसली.