ताईचं पथ्य

“अजून एक ग्लास पी,” ताई म्हणाली. “मूत्राशय भरल्याशिवाय आत घेत नाहीत.”

“अगं, आता डोळ्यांतून बाहेर येईल,” छोटी कुरकुरली, पण प्यायली. चाळिशी उलटली तरी घरात ती छोटीच होती, आणि थोरल्या बहिणीनं सांगितलेलं निमूट करायची तिची सवय जुनीच होती.

ताई बायकांना आहार शिकवायची. पोट साफ होत नाही, पाळी वेळेवर नाही, वजन हलत नाही, अशा बायका तिच्या वर्गाला येत आणि वयानं मोठ्या असल्या तरी तिला ताईच म्हणत. ती त्यांना साखर सोडायला लावी, रात्री लवकर जेवायला, जेवल्यावर चालायला, वेळेवर झोपायला लावी. यात वाईट काहीच नव्हतं. कित्येकींना गुण आला होता. आणि या सगळ्यांत पहिल्या नंबरची होती छोटी. तिच्या गालांची हाडं वर आली, दंड सैल पडले, तेव्हा वर्गातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पोट तेवढं फुगलेलं राहिलं होतं. पोट हट्टी असतं, असं ताईचं म्हणणं.

आजच्या सोनोग्राफीची कल्पनाही ताईचीच. छोटीच्या अंडाशयांवर पूर्वी बारीक गाठी होत्या. त्या गेल्याचा रिपोर्ट हातात आला की रविवारी वर्गात मिरवायचा, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. त्यासाठी ओळखीतून डॉक्टरची चिठ्ठी मिळवली होती.

आत अंधूक उजेड होता. छोटी पलंगावर आडवी झाली. डॉक्टर बाई बोलक्या होत्या.

“गार लागेल हं जरा. वजन बरंच कमी केलेलं दिसतंय! काय करता काय?”

“हिला विचारा,” छोटीनं कौतुकानं ताईकडे हात केला. “माझी बहीण. हिनंच मला माणसांत आणलं.”

“छे हो, नुसतं खाण्याकडे लक्ष,” ताई म्हणाली. पुढचं सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. पण डॉक्टर बाई ऐकत नव्हत्या. त्यांचा हात छोटीच्या पोटावर एका जागी थांबला होता. तो सरकला, पुन्हा त्याच जागी आला. मग त्यांनी यंत्राचा पडदा स्वतःकडे थोडा वळवून घेतला.

“पोट कधीपासून फुगलंय?”

“झाले की पाच-सहा महिने. गॅस धरतो.”

“दोन घासांत भरल्यासारखं वाटतं?”

“हो ना! भूकच मेलीय माझी. सगळ्यांना त्याचंच तर नवल.”

भूक ताब्यात आली, असं ताईनं वर्गात सांगितलं होतं. छोटीला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं होतं.

“हे बघा,” डॉक्टर बाई सावकाश म्हणाल्या, “पोटात पाणी झालंय. आणि डाव्या अंडाशयाला मोठी गाठ आहे. पूर्वीच्या गाठींसारखी नाही ही. आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलात दाखवा.”

“कॅन्सर?” छोटीनं विचारलं. इतक्या साध्या आवाजात, की जणू भाजीचा भाव विचारावा.

“तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. पण उद्यावर ढकलू नका.”

“अहो, पण ती पथ्यानं राहते!” ताई बोलून गेली. “साखर नाही, मैदा नाही, दिवेलागणीला जेवण...” आपलेच शब्द तिला कुणा खुळ्या बाईचे वाटले. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसं झालं. तिनं भिंत धरली. भिंत आपल्या जागी घट्ट होती.

“पथ्यानं काही बिघडलं नाही,” डॉक्टर बाई म्हणाल्या. त्यांचा रोख छोटीकडे होता. “पण इतके महिने पोट असं, आणि कुणालाच दाखवलं नाहीत? थांबायला सांगितलं कुणी तुम्हाला?”

कुणी सांगितलं, ते ताईला शब्दन्‌शब्द पाठ होतं. भाजी निवडता निवडता छोटी म्हणाली होती, “दाखवून येऊ का गं एकदा?” एकदा नाही, दोनदा म्हणाली होती. दोन्ही वेळा ताईनं हसण्यावारी नेलं होतं. डॉक्टर काय, गोळ्या हातावर टेकवतील. शरीराला वेळ दे, बयो. आता हे डॉक्टर बाईंना सांगायला हवं होतं. तिनं पलंगावरची चादर ओढून सारखी केली.

“कुणी नाही,” छोटी छताकडे बघत म्हणाली. “मीच अंगावर काढलं.”

बाहेर बाकावर दोघी बसल्या. ताईला रडूही येत नव्हतं. कुणीतरी भर रस्त्यात मुस्काटात ठेवून द्यावी आणि ती आपल्याला मिळायलाच हवी होती असं वाटावं, तसं तिचं झालं होतं.

“खोटं कशाला बोललीस गं?”

“मग काय, परक्या बाईसमोर तुझ्या नावानं खडे फोडू?” छोटीनं तिला कोपरानं ढोसलं. ताईनं तिचा हात धरला. तो इतका हलका होता, आणि हेच आपण आजवर कौतुकानं बघत आलो होतो.

मग छोटीनं मान वळवली. डोळे भरलेले होते, पण त्यांत राग शोधूनही सापडला नसता. ताईच्या तोंडाकडे बघत, पूर्वीच्याच भरवशानं तिनं विचारलं,

“ताई, आता काय खाऊ गं मी?”